आपत्ती, पूर्वतयारी आणि शेजारधर्म

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनातील व्याख्यान म्हणजे गुणगौरव आणि भोजन यांच्या मधला काळ. श्रोत्यांचे अर्धे लक्ष बक्षीस मिळालेल्या मुलांकडे असते व अर्धे पंक्तीकडे. अशा वेळी एखादा प्रसन्न विषय घ्यावा, असा संकेत आहे. तो मोडून आम्ही आज पूर, भूकंप, दरडी आणि दुष्काळ यांविषयी बोलणार आहोत, याबद्दल प्रथमच क्षमा मागतो. मात्र हा विषय आम्ही निष्कारण निवडलेला नाही. आपल्या मंडळाचा आपद्निधी आहे आणि त्या निधीच्या नियमांत एक ओळ आहे. त्या ओळीविषयी गेली कित्येक वर्षे आमच्या मनात एक शल्य आहे. ते आज आपणांपुढे उघड करावयाचे आहे. परंतु त्याकडे येण्यापूर्वी मूळ विषयाचा थोडा विचार केला पाहिजे.

दिनांक १२ जुलै १९६१. आम्ही त्या वेळी नऊ वर्षांचे होतो व नारायण पेठेत, नदीपासून फार दूर नसलेल्या एका जुन्या वाड्यात आमचे बिऱ्हाड होते. सकाळच्या सुमारास आंबी नदीवरील पानशेतचे धरण फुटले. ते पाणी खडकवासल्यास आले, ते जुने धरणही त्या लोंढ्यापुढे टिकले नाही, आणि मुठेच्या पात्रातून तो सर्व जलसंचय पुण्यावर आला. आदल्या रात्री लष्कराच्या जवानांनी पानशेतच्या बांधावर वाळूची पोती रचून धरण सावरण्याची शर्थ केली होती. त्यामुळे फुटण्याची घटका काही तास पुढे गेली आणि मध्यरात्री येणारे संकट दिवसाउजेडी आले. हे जर झाले नसते, तर प्राणहानी किती पटींनी वाढली असती, याची कल्पनाच करवत नाही.

आमच्या आळीत बातमी आली ती धावणाऱ्या माणसांच्या तोंडून. "पाणी आले, पळा," एवढेच शब्द. कोठे पळावयाचे, किती वेळ आहे, काय बरोबर घ्यावयाचे, यांपैकी कशाचेही उत्तर कोणाजवळ नव्हते. वडील कचेरीत गेलेले. घरी आई, आम्ही तिघे भावंडे आणि संधिवाताने जखडलेली आजी. वाड्याच्या दिंडीदरवाज्याशेजारच्या खोलीत एक हातगाडीवाले गृहस्थ राहत असत. आम्ही मुले त्यांना काका म्हणत असू. ते आमच्या ज्ञातीचे नव्हते, हे सांगावयास नकोच. त्यांनी आपली गाडी ओढीत चौकात आणली. आजी म्हणाली, "बाबा, माझे राहू दे, लेकरांना ने." ते म्हणाले, "आजी, वाद नका घालू, बसा गाडीवर." आजीला गाडीवर बसवून, आम्हांस गाडीचा कठडा धरावयास लावून, त्यांनी आम्हांला पर्वतीच्या बाजूस उंचावर पोहोचविले. मग ते पुन्हा आळीत गेले. वाड्यात एक विधवा बाई शिवणकाम करून पोट भरीत. त्यांचे यंत्र त्यांना काढावयाचे होते. यंत्र निघाले, बाई निघाल्या, काकाही निघाले. गाडी मात्र पाण्याने नेली.

पाणी ओसरल्यावर आम्ही परतलो, तेव्हा वाड्याची दर्शनी भिंत उभी होती आणि मागे काही नव्हते. मातीच्या भिंती भिजून खाली बसल्या होत्या. सर्वत्र गुडघाभर गाळ. आणखी एक विपरीत गोष्ट अशी की, ज्या पाण्याने घर नेले त्याच पाण्यासाठी आम्ही तहानलेले होतो. कारण शहरास पाणी पुरविणारे खडकवासल्याचे धरणच नाहीसे झाले होते. पुढे कित्येक दिवस जुन्या विहिरींवर रांगा लागत.

ह्या कथेचा उत्तरार्ध आम्ही शेवटी सांगू. तूर्त एक प्रश्न विचारतो. ही आपत्ती नैसर्गिक होती काय? जुलै महिन्यात सह्याद्रीत पाऊस पडतो, हे निसर्गाचे काम झाले. परंतु धरणाचे बांधकाम पुरते झालेले नसता, पाणी सोडण्याची व्यवस्था अपुरी असता, त्यात पाणी साठविणे हे माणसाचे काम होते. किंबहुना, आमचा अनुभव असा की, ज्याला आपण नैसर्गिक आपत्ती म्हणतो तिचे दोन भाग असतात. एक घटना व दुसरी हानी. घटना निसर्गाच्या हाती असते. हानी बव्हंशी आपल्या हाती असते. निर्जन समुद्रात वादळ झाले तर त्याला कोणी आपत्ती म्हणत नाही. माणसाचे घर, माणसाची शेती, माणसाची चूक वाटेत आली म्हणजेच घटनेची आपत्ती होते.

भूकंपाचेच पाहा. दिनांक ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगरास सुमारे ६.३ प्रतीचा धक्का बसला व पावणेदोनशेंच्या वर माणसे दगावली. दक्षिणेचे पठार पुरातन खडकाचे, स्थिर, भूकंपापासून निर्धास्त, अशी तोवर सर्वसाधारण समजूत होती. शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यानंतर त्या भागात लहान धक्के जाणवू लागले, आणि मोठ्या जलाशयाच्या पाण्याचा भार व खडकांतील भेगांत शिरणारे पाणी यांमुळे, आधीच ताणाखाली असलेला भूभाग सरकू शकतो, हा विचार जगभरच्या शास्त्रज्ञांत दृढ झाला. आजही कोयनेचे उदाहरण या विषयातील ग्रंथांत अग्रभागी असते, आणि कराडजवळ भूगर्भात खोल छिद्र घेऊन त्याचा अभ्यास चालविलेला आहे. धरणास तडे गेले, परंतु ते उभे राहिले. पुढे त्यास बळकटी देण्यात आली.

त्यानंतर २६ वर्षांनी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चारच्या सुमारास, किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती पोहोचवून, दमूनभागून, माणसे घरात निजली होती. लातूर आणि धाराशिव, म्हणजे त्या वेळचा उस्मानाबाद, या जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. आता याची कोयनेशी तुलना करा. दोन्ही धक्के जवळजवळ सारख्याच प्रतीचे, दोन्ही पहाटेचे. मग मृत्यूंच्या संख्येत एवढे अंतर का? एक कारण वस्ती दाट, हे होय. दुसरे कारण घरे. मराठवाड्यातील ती माळवदाची घरे उन्हाळ्यात थंड, दिसावयास भक्कम. दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंदीच्या दगडी भिंती, त्या मातीत रचलेल्या. आणि वर लाकडाच्या माळवदावर वर्षानुवर्षे चढविलेला मातीचा थर. भिंतीच्या दोन्ही अंगांना धरून ठेवणारे आरपार लांब दगड नाहीत, कोपरे सांधलेले नाहीत. जमीन हलताच भिंतीची दोन्ही अंगे फुगून सुटली आणि टनावारी माती निजलेल्या माणसांवर आली. भूकंपाने माणूस मरत नाही, घराने मरतो, हे वचन इंजिनियर लोकांत रूढ आहे; किल्लारीने त्याची प्रचीती दिली.

लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी की, हा प्रदेश त्या वेळच्या नकाशांत सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. नकाशा पाहून निर्धास्त राहणारा मनुष्य आणि नकाशाच न पाहणारा मनुष्य, दोघेही सारखेच गाफील असतात. ५२ गावे नव्या जागी वसविली गेली आणि राज्यात आपत्तीचा रीतसर विचार खऱ्या अर्थाने सुरू झाला. परंतु ते शहाणपण आठ हजार जीवांच्या मोलाने आले.

पावसाकडे वळू. दिनांक २६ जुलै २००५ रोजी मुंबईस सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी त्याच शहरात कुलाब्यास ७५ मिलिमीटरहूनही कमी पाऊस होता. आपल्यापैकी अनेक कुटुंबे त्या रात्री रेल्वेच्या डब्यांत, कचेऱ्यांत, अपरिचितांच्या घरी राहिली होती. आभाळातून आलेले पाणी अपूर्व होते, यात शंका नाही. परंतु समुद्राला भरती, आणि विहार व पवई तलावांचे पाणी माहीमच्या खाडीस पोहोचविणारी मिठी नदी दोन्ही काठांनी चेपलेली, भराव टाकून अरुंद केलेली, कचऱ्याने तुंबलेली. मुंबईकरांपैकी कित्येकांना मिठी ही नदी आहे, हे त्या दिवशी प्रथमच कळले. ज्या नदीला आपण नाला म्हणू लागतो ती एक दिवस आपले नाव सांगावयास घरात येते.

डोंगरउतारावरच्या वस्त्यांची कथा याहून करुण. आंबेगाव तालुक्यातील माळीण हे गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी दरडीखाली गेले. १५१ माणसे मृत्यू पावली. गाव नाहीसे झाल्याचे प्रथम ध्यानी आले ते नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी. च्या चालकाच्या. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक बळी गेले. खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली. २७ मृतदेह मिळाले आणि ५७ माणसे अखेर सापडलीच नाहीत. तिन्ही घटना जुलै महिन्याच्या उत्तरार्धातल्या. अनेक दिवसांच्या संततधारेने उतारावरील माती पाण्याने जड होते, तिची खडकावरील पकड सुटते व एक जोराची सर निमित्तमात्र होते. उतार तोडून सपाट केला, झाडी गेली, पाण्याच्या मूळ वाटा बुजल्या, की हे काम अधिक सोपे होते.

परंतु दरड पुष्कळदा आधी खूण देते. जमिनीस नव्या भेगा पडणे, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ होणे किंवा नवीनच जागी फुटणे, झाडे व विजेचे खांब कलणे, घराची दारे-खिडक्या अडकू लागणे, ह्या त्या खुणा होत. कोकणात व मावळात ज्यांची घरे डोंगराच्या पायथ्याशी आहेत, त्यांनी ह्या खुणा घरातील शाळकरी मुलांकडूनसुद्धा पाठ करून घ्याव्यात. अशी खूण दिसल्यास रात्र होण्याची वाट न पाहता जागा सोडावी. व्यर्थ गेलेली एक रात्र ही काही मोठी किंमत नव्हे.

सांगली-कोल्हापूरकडील आपल्या बांधवांना पुराविषयी आम्ही काय सांगावे? ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ च्या महापुराची पातळीही मागे पडली. "पाच साली पाणी या पायरीपर्यंत आले होते, त्याच्या वर येत नाही," असे म्हणून अनेक जाणती माणसे घरातच राहिली. अनुभव हा मोठा गुरू खरा. परंतु कालचा पूर हीच पुराची सीमा, असे तो शिकवू लागला की त्याच्यासारखा घातक गुरू नाही. पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे लोकांना बाहेर काढणारी नाव उलटून माणसे बुडाली, ती याच दिवसांत. वेळीच निघालेल्यास नावेची गरज पडत नाही, हा त्यातील कठोर धडा.

नदीकाठी दोन रेषा आखलेल्या असतात. साधारणतः २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती लाल रेषा. घर विकत घेताना आपण पूर्वेचे दार पाहतो, पाण्याची वेळ विचारतो, शेजार कोणाचा याची तर बारीक चौकशी करतो. परंतु ही जागा निळ्या रेषेच्या आत की बाहेर, हे विचारणारा ज्ञातिबांधव आम्हांस अद्याप भेटावयाचा आहे. यापुढे तो भेटावा, अशी आमची प्रार्थना आहे.

दुष्काळ ही पावलांचा आवाज न करता येणारी आपत्ती. १९७२ च्या दुष्काळात आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी सुकडी आणि मिलोचे दिवस पाहिले आहेत. त्या काळी दुष्काळी कामांवर जवळजवळ ५० लाख माणसे खपत होती. वि. स. पागे यांनी पुरस्कारिलेली रोजगार हमीची कल्पना त्या काळात कसास लागली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि पुढे २००५ साली देशानेही तिच्या धर्तीवर कायदा केला. संकटातून जर योग्य धडा घेतला तर त्यातून कायमची व्यवस्था निर्माण होते, याचे हे आपल्याच प्रांतातील उदाहरण अभिमानाने सांगण्याजोगे आहे.

आता कोणी म्हणेल, हे सर्व खरे. परंतु दैवापुढे तयारीचा काय पाड? त्यास उत्तर ओरिसाच्या किनाऱ्याने दिले आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे मेली. त्यानंतर त्या राज्याने किनाऱ्यावर पक्की निवारागृहे बांधली, गावोगाव स्वयंसेवक तयार केले, सूचना शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचविण्याची व्यवस्था लावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये फायलिन नावाचे भीषण वादळ त्याच किनाऱ्यावर आले. त्यापूर्वी सुमारे दहा लाख माणसे हलविण्यात आली होती. मृतांची संख्या पन्नासाच्या आत राहिली. समुद्र तोच, वारा तसाच, लोकही तेच. फरक पडला तो पूर्वतयारीने. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण मुलांच्या निबंधापुरती ठेवली. त्यांनी ती आचरणात आणली.

ही तयारी म्हणजे काय? सरकारच्या ठायी २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्ह्याचे प्राधिकरण आहे, बचावाची दले आहेत. ते आपले काम करोत. आम्ही घराविषयी बोलतो.

प्रत्येक घरात एक पिशवी असावी व ती दाराजवळ टांगलेली असावी. तीत विजेरी, काडेपेटी, पिण्याचे पाणी, भाजलेले चणे-गूळ यांसारखे टिकाऊ खाणे, रोजची औषधे निदान आठवड्यापुरती, चष्म्याची जादा जोडी, थोडे रोख पैसे आणि महत्त्वाच्या कागदांच्या प्रती प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवाव्यात. सात-बाराचा उतारा, घराचे खत, शाळेचे दाखले, जातीचा दाखला, विम्याचे कागद हे पाण्यात गेले म्हणजे त्यांच्या नकला काढण्यासाठी किती उंबरे झिजवावे लागतात, हे २००५ व २०१९ च्या पूरग्रस्तांना विचारावे. दुसरे, घरातील सर्वांनी, ताटातूट झाल्यास भेटावयाची एक उंचावरची जागा आधीच ठरवून ठेवावी. दूरध्वनी त्या वेळी चालतीलच असे नाही. तिसरे, विजेचा मुख्य खटका व गॅसची टाकी बंद करणे घरातील प्रत्येक मोठ्या माणसास यावे. हे काम "ह्यांचे" म्हणून सोडू नये. चौथे, जमीन हलू लागल्यास मजबूत मेजाखाली बसून डोके झाकावे, जिन्याकडे व उद्वाहकाकडे धावू नये. परंतु दगडमातीच्या जुन्या घरात दार दोन पावलांवर असेल तर मोकळ्यावर यावे. पाचवे, पावसाळ्यापूर्वी जुन्या वाड्याच्या भिंती, गच्चीचे पन्हळ व आवारातील कललेली झाडे जाणकाराकडून पाहून घ्यावीत. वीज कडाडत असता शेतात एकाकी झाडाखाली उभे राहू नये. ११२, १०८ आणि जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हे आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. यांत खर्चाचे असे काहीच नाही. सवयीचे मात्र सर्व आहे.

मंडळाविषयीही दोन गोष्टी. आपली शाखानिहाय कुटुंबसूची दर पाच वर्षांनी छापली जाते, ती मुख्यतः विवाहेच्छूंच्या सोयीसाठी. तिच्यात एक रकाना वाढवावा. कोणत्या घरी एकटे वृद्ध राहतात, कोण अंथरुणास खिळले आहे, कोणत्या घरी तान्हे मूल आहे, याची नोंद प्रत्येक शाखेच्या चिटणीसाजवळ असावी. महिला शाखेने हे काम हाती घेतल्यास ते सर्वांत चोख होईल, असा आमचा भरवसा आहे. दुसरी गोष्ट मदतीची. २०१९ साली आम्ही सांगलीस गेलो असता एका शाळेच्या ओसरीवर जुन्या कपड्यांचा डोंगर पाहिला. फाटक्या सदऱ्यांपासून भरजरी शालूपर्यंत सर्व काही त्यात होते आणि उपयोगाचे फारसे काही नव्हते. त्या दिवशी लोकांना हवे होते ते फावडे, घमेले, फिनेल, नवी अंतर्वस्त्रे, स्त्रियांच्या गरजेच्या वस्तू, चटया आणि चुली. कपाट रिकामे करण्याला दान म्हणू नये.

आता त्या कथेचा उत्तरार्ध.

पुरानंतर तिसऱ्या दिवशी आपल्या मंडळाचे कार्यकर्ते आम्हांस शोधीत आले. गाळ तुडवीत, वह्या काखेत मारून, घरोघर फिरत. मंडळाचे ते ऋण आम्ही जन्मभर मानीत आलो आहोत. प्रत्येक पूरग्रस्त ज्ञातिकुटुंबास भांड्यांचा एक संच, दोन घोंगड्या, एक स्टोव्ह आणि थोडी रोख रक्कम असे साहाय्य होते. वडिलांनी वहीत सही केली. शेजारी काका उभे होते. ते काही मागत नव्हते. नुसते उभे होते. वडिलांनी कार्यकर्त्यांना बाजूस घेऊन विचारले, "यांच्यासाठी काही करता येईल काय? यांची गाडी आमच्यापायी गेली." कार्यकर्ते भले गृहस्थ होते. त्यांनी खाली मान घालून सांगितले, "नियम आहे. निधी ज्ञातिबांधवांपुरता आहे. आमचा इलाज नाही."

ते गेल्यावर आजीने भांडी समोर मांडून घेतली. आईला म्हणाली, "सूनबाई, याचे दोन वाटे कर." आईने दोन वाटे केले. पातेली एकीकडे, परात दुसरीकडे. चार वाट्या इकडे, चार तिकडे. एक घोंगडी आम्हांस, एक त्यांस. स्टोव्ह एकच होता. तो वर्षभर दोन्ही घरांत आळीपाळीने फिरला. काकांनी नवी हातगाडी कशी घेतली, हे आम्हांस ठाऊक नाही. आमच्या मंडळाने घेऊन दिली नाही, एवढे मात्र ठाऊक आहे.

ती ओळ आजही आपल्या निधीच्या नियमांत जशीच्या तशी आहे. ती ज्यांनी लिहिली त्यांस आम्ही दोष देत नाही. ज्ञाती गरीब होती, निधी घरोघरच्या वर्गणीतून पैपैने जमविलेला होता, आणि ज्याचा पैसा त्याच्या उपयोगी पडावा, हा विचार त्या काळी स्वाभाविक होता. आजही काही सभासद म्हणतील की, निधी तुटपुंजा आहे. तो सर्वांस वाटू गेल्यास कोणासच पुरणार नाही. हा आक्षेप रास्त आहे, म्हणून त्याचे उत्तर भावनेने नव्हे, हिशेबाने देतो.

संकटात पहिल्या घटकेस जो हात पुढे येतो तो कोणाचा असतो? बचावाचे दल काही तासांनी येते. सरकारी मदत काही दिवसांनी येते. आपले मंडळ तिसऱ्या दिवशी आले, आणि ते फार लवकर आले, असेच आम्ही म्हणू. पहिल्या घटकेस येतो तो शेजारी. किल्लारीत ढिगाऱ्यांतून माणसे प्रथम ओढून काढली ती गावकऱ्यांनी. मुंबईत २६ जुलैच्या रात्री कमरेएवढ्या पाण्यात दोऱ्या बांधून वाटसरूंना पार केले ते वस्तीवस्तीतल्या पोरांनी. त्यांनी कोणाचे आडनाव विचारले नाही. ज्या अर्थी आपली माणसे वाचतात ती शेजाऱ्याच्या बळावर, त्या अर्थी शेजाऱ्यास सावरणे हे परोपकार नसून आपल्याच घराची डागडुजी होय. आळी सुरक्षित तर आपले घर सुरक्षित. ज्ञाती विखुरलेली असते; पाणी मात्र आळीवार येते.

म्हणून आमची नम्र सूचना अशी. आपद्निधीचे दोन भाग तूर्त ज्ञातिकुटुंबांसाठी जसे आहेत तसे राहू द्यावेत. तिसरा भाग, जेथे आपले कुटुंब आपत्तीत सापडले असेल तेथील त्याच्या शेजाऱ्यांसाठी, जातपात न विचारता, खुला करावा. नियमदुरुस्तीसाठी जी रीतसर मंजुरी घ्यावी लागेल ती घेण्याचा भार कार्यकारी मंडळाने उचलावा. येत्या सर्वसाधारण सभेपुढे हा ठराव आम्ही लेखी मांडणार आहोत. अनुमोदनास कोणी पुढे यावे, ही विनंती. ठराव फेटाळला गेला तरी आम्ही मंडळाचेच राहू, वर्गणीही देत राहू. मात्र आमच्या पश्चात आमच्या देवघराजवळच्या फडताळात अर्धाच राहिलेला पितळी भांड्यांचा संच कोणी पाहिला आणि "उरलेली भांडी कोठे आहेत?" असे विचारले, तर आमच्या मुलांनी काय उत्तर द्यावे, ते आम्ही त्यांना सांगून ठेवले आहे.

आमचे वय आता सत्तरीच्या पुढे गेले. पाऊस कोसळू लागला म्हणजे आजही आम्ही मध्यरात्री उठून दाराजवळची पिशवी चाचपून पाहतो आणि नातवंडे हसतात. त्यांनी हसावे. परंतु पिशवी जागेवर असावी, आणि शेजारच्या घरीही ती असावी, एवढीच इच्छा आहे.

 पंक्तीस उशीर झाला. आता अधिक बोलत नाही.